थंडीच्या रात्री सापाला ऊब लागते का?

डिसेंबर उजाडला की अमरावती-अकोल्याच्या बातम्यांत पाऱ्याची घसरण रोज मोजली जाते. मे महिन्यात ज्या अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथेच थंडीची लाट आली की रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली येते. सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यात गारठा आणखी बोचरा असतो. चौकाचौकांत शेकोट्या पेटतात, गोठ्यातल्या वासराच्या अंगावर पोते टाकले जाते. माणसाला थंडी वाजली की त्याला आजूबाजूच्या जिवांचीही थंडी जाणवू लागते. मग प्रश्न येतो सापाचा.

हा प्रश्न दोन ठिकाणी उभा राहतो. पहिले ठिकाण सर्पमित्राच्या घरचे. रात्री नऊ वाजता कुणाच्या तरी न्हाणीघरातून धामण पकडून आणलेली असते, ती बरणीत मलूल पडलेली दिसते आणि घरातले कुणी म्हणते, ‘गारठली बिचारी, बल्ब लावा.’ दुसरे ठिकाण शहरातल्या फ्लॅटचे. हौसेने आणलेला परदेशी ‘बॉल पायथन’ काचेच्या पेटीत वेटोळे करून बसला आहे, आठ दिवसांपासून उंदराला तोंड लावत नाही आणि मालकाला वाटते की हिवाळ्यात साप झोपतातच. पहिल्या ठिकाणी बल्ब लावणे चूक आहे, दुसऱ्या ठिकाणी ऊब न देणे चूक आहे. दोन्हीकडे साप आणि थंडीही तीच, तरी उत्तरे उलटी का, हे समजून घेण्यासाठी सापाच्या अंगातली ऊब येते कुठून हे आधी पाहावे लागते.

उसनी ऊब

सापाला आपण शीतरक्ती म्हणतो, पण त्याचे रक्त नेहमी थंड असते असे नाही. दुपारी उन्हात पडलेल्या धामणीचे रक्त माणसाच्या रक्ताच्या जवळपास उबदार असू शकते. फरक आहे तो ऊब मिळवण्याच्या पद्धतीत. माणूस, गाय, चिमणी हे जीव खाल्लेल्या अन्नातला मोठा वाटा अंग ऊबदार ठेवण्यावरच खर्च करतात. म्हणून त्यांना रोज खावे लागते. साप हा खर्च करत नाही. तो ऊब ऊन, तापलेला दगड, माती यांच्याकडून उसनी घेतो. या काटकसरीमुळेच एका उंदरावर तो कित्येक दिवस काढतो आणि मोठा अजगर तर महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो.

उसनवारीची किंमतही असते. भोवतालचे तापमान उतरले की सापाचे अंगही उतरते आणि अंगातली सगळी कामे मंदावतात. ढोबळ हिशेब असा की, तापमान दहा अंशांनी घटले की शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. श्वास संथ होतो, हृदयाचे ठोके विरळ होतात, स्नायू आळसावतात. वीस अंशांनी घट झाली, तर वेग चौथाईवर येतो. बरणीतली धामण मलूल दिसते ती यामुळे. ती आजारी असेलच असे नाही, तिचे यंत्र हळू चालले आहे इतकेच.

यंत्र हळू चालणे हे निरोगी सापाच्या दृष्टीने संकट नाही. रात्र थंड आणि दुपार उबदार, हा त्याच्यासाठी लाखो वर्षांचा परिपाठ आहे. रात्री तो मंद होतो, सकाळी दहा-अकराच्या उन्हात अंग शेकतो आणि पुन्हा कामाला लागतो. ही ऊब घ्यायला जागा मिळाली नाही, किंवा पोट भरलेले असताना ती अचानक तुटली, तर मात्र अडचण होते.

पोटात उंदीर, बाहेर गारठा

साप भक्ष्य चावून खात नाही, सबंध गिळतो. हाडे, केस, कातडी असा अख्खा उंदीर पोटातल्या आम्लाने आणि पाचकरसांनी विरघळवायचा असतो. हे काम मोठे आहे. बर्मी अजगरावरच्या प्रयोगांत असे दिसले की, मोठे भक्ष्य गिळल्यावर त्याच्या शरीराचा ऊर्जाखर्च कित्येक पटींनी वाढतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर जेवणानंतर ४८ तासांत त्याच्या हृदयाचा स्नायू सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्याची नोंद झाली. एवढा कारखाना चालवायचा तर ऊब हवीच. म्हणूनच जेवलेला साप उबदार जागा शोधतो.

ती मिळाली नाही तर पचन रेंगाळते. पोटातला उंदीर पचण्याआधी कुजू लागतो. मग साप तो उलटून टाकतो आणि अशा उलटीने त्याच्या अंगातले पाणी व बळ दोन्ही जाते. एकदा झाले तर तो सावरतो, वारंवार झाले तर खंगतो. थंडी आणि दमटपणा एकत्र राहिला, तर फुप्फुसाचा संसर्गही गाठतो. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकपुडीशी बुडबुडे, श्वासाबरोबर घरघर ही त्याची लक्षणे आहेत.

मोकळ्या रानातला साप हे गणित स्वतःच सोडवतो. थंडी वाढली की तो खाणे कमी करतो किंवा थांबवतो. पेटीतल्या सापाला जेवण आणि तापमान दोन्ही मालक देतो. त्यामुळे गणित चुकण्याची सोयही तिथेच आहे.

वऱ्हाडातल्या सापांचा हिवाळा

वेधशाळा सांगते ते तापमान जमिनीपासून माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, सावलीतल्या पेटीत मोजलेले असते. साप तिथे राहत नाही. तो राहतो जमिनीत, आणि जमिनीतला हिवाळा निराळा असतो.

माती ऊब हळू घेते आणि हळू सोडते. वरच्या थरात दिवस-रात्रीचा फरक जाणवतो, पण अर्धा मीटर खाली तो जवळजवळ नाहीसा होतो. तिथे गेल्या अनेक दिवस-रात्रींची सरासरी साठून राहिलेली असते. जानेवारीत अकोल्याला दुपारी २९-३० अंश आणि पहाटे ११-१२ अंश असतील, तर बिळाच्या तळाशी वीस अंशांच्या आसपासची ऊब टिकून असते. बाहेर पाऱ्याने दहाची पातळी सोडली तरी तिथे त्याची खबर नसते. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती यात आणखी मदत करते. पावसाळा सरून ती सुकू लागली की तिला खोल भेगा पडतात आणि नाग, धामण, तस्कर यांना आयती घरे मिळतात. उंदरांची बिळे, वारुळे, विहिरीच्या कडेची दगडी बांधणी, धुऱ्यावरचे दगडांचे ढीग, पऱ्हाटीची गंजी, गोठ्याशेजारचा कुटाराचा ढीग या सगळ्या त्यांच्या हिवाळी खोल्या.

आपल्याकडचे साप थंड प्रदेशातल्या सापांसारखे महिनोन्‌महिने निपचित पडून राहत नाहीत. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात नार्सिस नावाच्या ठिकाणी हजारो गार्टर साप चुनखडकाच्या भेगांत, जमीन गोठते त्या थराच्याही खाली एकत्र हिवाळा काढतात आणि वसंतात एकदमच बाहेर पडतात. वऱ्हाडात तशी वेळच येत नाही. इथला साप थंडीच्या लाटेत दोन-चार दिवस आत राहतो, ऊन पडले की बिळाच्या तोंडाशी येतो. त्यामुळे हिवाळ्यात साप रात्रीपेक्षा सकाळी उशिरा आणि दुपारी जास्त दिसतात. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात, वऱ्हाडापेक्षा कितीतरी कडक थंडीत, अजगर साळिंदराच्या बिळांत राहतात आणि दिवसा बिळाबाहेर उन्हात पसरतात. हे दृश्य अभ्यासकांनी अनेक वर्षे नोंदवले आहे.

काही सापांना तर हिवाळा हाच लगबगीचा काळ. अजगराचे आणि घोणशीचे मीलन याच महिन्यांत होते. घोणस, म्हणजे वऱ्हाडातली परड, या काळात माद्यांच्या शोधात फिरते. त्यामुळे ‘थंडीत साप नसतात’ हा समज धोक्याचा आहे.

थंडी खरोखर मारते तेव्हा

थंडीने साप मरतच नाही, असे मात्र नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात माणसांनी पाळून सोडून दिलेले बर्मी अजगर एव्हरग्लेड्सच्या दलदलीत माजले आहेत. जानेवारी २०१० मध्ये तिथे अनेक दिवस असाधारण थंडी पडली. संशोधकांनी रेडिओ ट्रान्समीटर बसवून मागावर ठेवलेल्या दहा अजगरांपैकी नऊ मेले. मात्र त्या दलदलीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे स्थानिक साप या थंडीत नाहीसे झाले नाहीत. संशोधकांनी मांडलेले एक कारण वागणुकीचे होते. हवा थंड असताना खोल आसऱ्याला जायचे की उन्हाच्या आशेने उघड्यावर राहायचे, हा निर्णय उष्ण प्रदेशातून आलेल्या या सापांचा चुकला असावा.

या घटनेत आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. थंडी सोसण्याची ताकद सापाच्या जातीवर आणि तो मूळचा कुठला यावर ठरते. उरलेले निम्मे उत्तर आसऱ्यात आहे. वऱ्हाडातला नाग वऱ्हाडाची थंडी ओळखतो आणि त्याला कोणत्या भेगेत शिरायचे तेही ठाऊक असते. आफ्रिकेतला बॉल पायथन ती थंडी ओळखत नाही आणि काचेच्या पेटीत त्याला शिरायला भेगही नसते.

थरथरून ऊब करणारी आई

सापाला स्वतःची ऊब अजिबात करता येत नाही, या नियमाला एक देखणा अपवाद आहे आणि तो आपल्याच अजगराच्या कुळात आहे. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून दोन महिन्यांच्या आसपास बसते. तापमान उतरले की तिचे स्नायू ठरावीक तालात आकसू लागतात, जणू तिला हुडहुडी भरली आहे. या थरथरीतून निर्माण झालेली ऊब अंड्यांना मिळते. १८४१ मध्ये पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयातल्या मादीवर ही ऊब मोजली गेली होती. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या बर्मी अजगराच्या मादीवर नीट मोजमापे झाली. थंडी वाढेल तसे तिचे आकसणे वाढत गेले आणि तिचे अंग भोवतालच्या हवेपेक्षा काही अंशांनी उबदार राहिले. यासाठी तिला साठवलेली चरबी जाळावी लागते. अंडी उबवून उठते तेव्हा ती बरीच रोडावलेली असते. ऊब निर्माण करणे किती महाग पडते, हे त्यावरून कळते.

आधी कायदा, मग बल्ब

ऊब किती द्यावी याआधी एक गोष्ट स्पष्ट हवी. भारतातला रानटी साप घरी पाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतरची नवी परिशिष्टे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. अजगर, नाग, धामण यांना त्यात पहिल्या परिशिष्टाचे संरक्षण आहे. अशा प्राण्याची शिकार करणे, आणि कायद्याच्या भाषेत पकडणे हीसुद्धा शिकारच, याला किमान तीन व कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ‘जखमी होता म्हणून ठेवून घेतला’ ही सबब चालत नाही. गुप्तधनाच्या आणि पैशांच्या पावसाच्या नादाने मांडूळ मडक्यात ठेवणे तर दुहेरी गुन्हा, कारण तिथे त्या मुक्या जिवाची विक्रीही ठरलेली असते. या सापांना रात्री बल्ब लावायचा की नाही, हा प्रश्नच उद्भवू नये.

परदेशी जातींचे नियम वेगळे आहेत. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जाती आता आपल्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात आहेत. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या ‘परिवेश २.०’ संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंदणी करायची आहे. प्राण्याचा मृत्यू, पिल्ले, हस्तांतर यांची माहितीही द्यायची आहे. अमेरिकेतला ‘कॉर्न स्नेक’ त्या यादीत नसला, तरी परदेशातून जिवंत प्राणी आणायला परवाना लागतोच. बिनकागदाचा साप स्वस्तात मिळतो म्हणून घेणे म्हणजे तस्करीला गिऱ्हाईक होणे.

पेटीतल्या सापाला रात्री किती ऊब?

बॉल पायथन पश्चिम व मध्य आफ्रिकेच्या उष्ण पट्ट्यातला. त्याच्या पेटीचे एक टोक ३१ ते ३३ अंश आणि दुसरे २४ ते २७ अंशांच्या दरम्यान ठेवावे, असे पाळणारे आणि पशुवैद्यक सांगतात. रात्री थोडी घट चालते, पण २४ अंशांच्या खाली ती फार वेळ राहू नये. म्हणजे अमरावतीच्या डिसेंबर-जानेवारीत त्याला रात्रीची ऊब लागते. कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, जिथे हिवाळा असतो. दिवसा पेटीचे एक टोक ३० अंशांच्या आसपास मिळाले, तर रात्री वीस अंशांच्या जवळ उतरलेले तापमान निरोगी, मोठ्या सापाला त्रास देत नाही. पक्क्या घरातली बंद खोली बाहेरच्या हवेपेक्षा बरीच उबदार असते. त्याला अनेक रात्री वेगळे काही लागणारही नाही. पिल्लू, आजारी आणि नुकताच जेवलेला साप यांना मात्र ही सवलत नाही.

दोन्ही सापांसाठी एक गोष्ट समान आहे. पेटी सगळीकडे सारखी तापवायची नाही. एक टोक उबदार, दुसरे थंड आणि दोन्हीकडे लपायला जागा, अशी रचना हवी. आपल्याला किती ऊब हवी हे सापाला आपल्यापेक्षा चांगले कळते. त्याला निवड करता आली पाहिजे.

अनेकदा थंडीपेक्षा उपायच जास्त इजा करतो. साप उबेला चिकटून बसतो आणि पोटाखालची वस्तू भाजण्याइतकी तापली तरी वेळेत बाजूला होत नाही. गरम दगड, उघडा बल्ब, नियंत्रक नसलेली गादी यांनी भाजलेल्या सापांवर उपचार करावे लागणे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्यकांना नवे नाही. खवल्यांखालची ही जखम भरायला कित्येक महिने आणि कात टाकण्याच्या अनेक फेऱ्या लागतात. म्हणून:

● तापवण्याची गादी किंवा उजेड न देणारा सिरॅमिक हीटर तापमान-नियंत्रकाशिवाय, म्हणजे थर्मोस्टॅटशिवाय, वापरू नये. हीटर आत असेल तर त्याला जाळी हवी.

● तापमान हाताने अजमावू नये. पेटीच्या दोन्ही टोकांना तापमापक ठेवावा आणि पहाटेचे, म्हणजे सर्वांत थंड वेळेचे तापमान पाहावे.

● रात्री उजेडाचा बल्ब नको. सापालाही दिवस आणि रात्र लागते. लाल बल्ब त्याला दिसतच नाही, असे मानू नये.

● वीज जाते हे धरूनच चालावे. जाड कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली पेटीच्या एका बाजूला आणि पेटीवर घोंगडी, हवेची फट मोकळी ठेवून, एवढ्याने काही तास निघतात. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नको. तिच्या धुरातला विषारी वायू सापाआधी माणसाला मारतो.

● थंडीची लाट असेल आणि ऊब देण्याची खात्री नसेल, तर खाऊ घालू नये. निरोगी मोठ्या सापाला आठ-पंधरा दिवसांचा उपास काही करत नाही. पोटात कुजलेला उंदीर मात्र खूप काही करतो.

तोंड उघडून श्वास, उलटी किंवा भाजल्याची खूण दिसली, तर पशुवैद्यकाकडे जावे. घरगुती औषध देऊ नये.

रात्री पकडलेली धामण

आता सर्पमित्राच्या घरातल्या त्या बरणीकडे. तिच्यातली धामण दुपारी २९ अंश आणि पहाटे ११ अंश असलेल्या याच मुलखात वाढली आहे. एका रात्रीच्या गारठ्याने ती मरणार नाही. बल्बखाली ठेवलेली बंद बरणी मात्र तिला मारू शकते, कारण तिथून बाजूला व्हायला तिला जागाच नाही. बंद डब्यात तापमान झपाट्याने वाढते आणि सापांना चाळिशीच्या वरचे तापमान फार काळ सोसत नाही. चुलीशेजारी ठेवलेल्या पोत्याचेही तेच.

रात्रीपुरता साप ठेवावाच लागला, तर सुती पिशवी, ती हवेशीर डब्यात आणि डबा वारा न लागणाऱ्या खोलीत, एवढे पुरे. त्याला खाऊ घालायचे नाही. पुन्हापुन्हा पिशवी सोडून लोकांना दाखवायचे नाही. गारठलेला विषारी साप शांत वाटला, तरी खोलीच्या उबेत तो अर्ध्या तासात पूर्ण चपळ होऊ शकतो, हेही विसरायचे नाही.

खरा निर्णय सोडण्याचा आहे. रात्री दहा वाजता, पारा दहा अंशांवर असताना साप दूरच्या जंगलात सोडून येणे सोयीचे वाटते. पण त्या वेळी त्याचे अंग मंद असते, बीळ कुठे हे त्याला माहीत नसते आणि ऊन यायला दहा-बारा तास असतात. घुबड, मुंगूस, रानमांजर यांच्यासाठी तो आयता घास. म्हणून हिवाळ्यात साप सोडण्याची वेळ म्हणजे ऊन तापल्यानंतरची, सकाळी दहा-अकरा ते दुपारी तीनपर्यंतची. जागाही शक्य तितकी पकडलेल्या ठिकाणाजवळची हवी. भेगा, बिळे, झुडपे असलेली, वस्तीपासून थोडी बाजूला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात रॅटलस्नेक जातीच्या सापांवर झालेल्या अभ्यासात दूर नेऊन सोडलेल्या सापांपैकी निम्म्याहून अधिक मेले. त्याच भागात मूळ राहणाऱ्या सापांत हे प्रमाण कितीतरी कमी होते. वऱ्हाडातून पकडलेला प्रत्येक साप मेळघाटात किंवा काटेपूर्णा अभयारण्यात नेऊन सोडला म्हणजे त्याचे भले झाले, असे नाही. त्याला त्याची ओळखीची भेग हवी असते.

पकडलेल्या सापाची माहिती वन विभागाला देणे आवश्यक आहे. साप दिसला आणि ओळखीचा सर्पमित्र नसेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करता येतो. जखमी साप असेल, तर तो वन विभागामार्फत उपचार केंद्रात जावा. ऊब, सलाईन, शस्त्रक्रिया हे तिथले काम, घरचे नव्हे.

गारठलेला साप आणि ओलीत करणारा माणूस

हिवाळ्यातल्या सापाचा विचार माणसाच्या बाजूनेही करायला हवा. वऱ्हाडात याच महिन्यांत कापसाची वेचणी उरकायची असते, तूर सोंगायची असते, हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायचे असते. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्रीची असते. मग शेतकरी कडाक्याच्या थंडीत टॉर्च घेऊन ओलिताला जातो. पाणी उंदरांच्या बिळांत शिरते, उंदीर बाहेर पडतात आणि त्यांच्यामागे साप. थंडीने मंदावलेला साप लवकर पळू शकत नाही. पाय जवळ आला तर त्याच्याकडे फुत्कार आणि दंश हेच उपाय उरतात. त्याचे अंग थंड असले तरी विषाचा जोर कमी होत नाही.

म्हणून गमबूट आणि प्रखर टॉर्च ही चैन नव्हे. कुटार, गोवऱ्या, पऱ्हाटीची गंजी यांत थेट हात घालू नये, आधी काठीने हलवावे. सकाळी उन्हात पडलेला साप मेलेला समजून हाताळू नये. दंश झालाच तर घट्ट दोरी बांधणे, चिरणे, चोखणे, मांत्रिक यांत वेळ घालवू नये. अंगठ्या, कडे काढावे, दंश झालेला हात किंवा पाय हलू न देता १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्यावे. आपल्याकडे मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. त्यामुळे साप मारून सोबत नेण्याची गरज नसते.

थोडक्यात काय?

परदेशातून आलेला, नोंदणी असलेला उष्ण प्रदेशातला साप पेटीत असेल, तर वऱ्हाडातल्या थंडीत त्याला रात्रीची मोजून-मापून ऊब द्यावी लागते. त्याचा मूळ हिवाळा आणि त्याची भेग आपण काढून घेतली आहे, तेव्हा ती जबाबदारी आपली. इथल्या मातीतल्या सापाला मात्र हिवाळ्यात बल्ब नको, घोंगडी नको. धुऱ्यावरचा दगडांचा ढीग हलवला नाही, वारूळ खणून काढले नाही आणि दुपारच्या उन्हात पसरलेल्या सापाला दगड मारला नाही, तर त्याचा हिवाळा सुखाने जातो.